खंडेनवमीचं पॉलिश

त्या वर्षी राखीपौर्णिमेला मी धनाजीदादाला राखी बांधली आणि ओवाळणी घ्यायच्या ऐवजी त्यालाच एक नाक दिलं. शर्टाच्या बटणापेक्षा थोडी मोठी काळी चकती, मध्ये हिरवा ठिपका, मागे कॉलरला अडकवायची चिमटी. आमच्या प्रयोगशाळेत तिला लांबलचक इंग्रजी नाव होतं. दादानं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "पद्मे, ही वास घेती म्हणतीस. मग ह्ये नाकच की!" झालं. पुढे राज्यभरातल्या लाखभर कामगारांच्या कॉलरवर ती बसली, पण आमच्या हिंगणखोऱ्याच्या गॅस प्लँटवर तिचं नाव शेवटपर्यंत 'ताईंचं नाक' असंच राहिलं.

साल होतं २०३२. मी तेव्हा विद्यापीठात धातूंच्या ऑक्साइडांवर काम करत होते. दादा साखर कारखान्याशेजारच्या प्लँटवर. उसाचा रस गाळून उरलेला गाळ, म्हणजे प्रेसमड, हौदात पाण्यात कालवायचा, बंद टाक्यांत कुजवायचा आणि निघालेला गॅस गाड्यांसाठी विकायचा, असा तो कारभार. सरकारला त्याचं फार कौतुक. कौतुक करणाऱ्यांपैकी हौदात मात्र कुणी उतरत नाही. हौदाच्या तळाला गाळ घट्ट बसतो, तो खोऱ्यानं मोकळा करायला माणूस लागतो, आणि तो माणूस माझा भाऊ होता. आई-वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दादानं दहावीनंतर शाळा सोडली ती माझी सुटू नये म्हणून. माझी पीएच.डी. झाली तेव्हा त्यानं गावभर पेढे वाटले, आणि विषय काय म्हणून विचारणाऱ्याला तो सांगायचा, "कथील, तांबं आन् लई बारीक काम."

कुजणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि माणूस नाक धरून पळतो. खरा घात पुढे आहे. वायू वाढला की वास ओळखणारी नसच बधिर होते. वास गेला, हवा सुधारली, असं वाटतं आणि पुढच्या दोन-चार श्वासांत माणूस खाली बसतो. दादा एकदा असाच बसला होता. शिदूअण्णांनी त्याला वर खेचला म्हणून वाचला. शिदूअण्णा आमच्या समोरच्या घरातले, प्लँटवरचे दोरीवाले. आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी, तिचं दुसरं टोक वर अण्णांच्या हातात, आणि दर दोन मिनिटांनी अण्णांची हाक. हाकेला ओ आली नाही की खेचायचं. एवढंच त्यांचं काम, आणि ते त्यांनी बावीस वर्षं केलं.

दादा दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या भावाचा जीव कुणाच्या हाकेवर ठेवायचा नाही.

नाकाचं शास्त्र सांगते, अवघड नाही. कथिलाच्या ऑक्साइडचे इतके बारीक तंतू काढायचे की एका केसाच्या जाडीत हजार मावतील. त्यांच्यावर तांब्याच्या ऑक्साइडचे कण पेरायचे आणि चकतीच्या आत तो सगळा पसारा दोनशे अंशांना तापता ठेवायचा. या दोन ऑक्साइडांचं आपसांत पटत नाही. जिथे ते एकमेकांना भिडतात तिथे विजेची वाट अडते. हायड्रोजन सल्फाइड आला की तांब्याच्या ऑक्साइडचा सल्फाइड होतो, भांडण मिटतं आणि वीज धो धो वाहायला लागते. वायू गेला की हवेतला ऑक्सिजन सगळं पूर्ववत करतो. वस्तू जितकी बारीक तितका तिचा उघडा पृष्ठभाग जास्त, म्हणून माणसाला वास कळायच्या आधी माझ्या नाकाला कळतो. आणि मुख्य म्हणजे ते बधिर होत नाही. असं मी भाषणात सांगायचे आणि टाळ्या घ्यायचे.

पहिल्या दोन वर्षांत नाकानं सात प्लँटवर माणसं वाचवली. एका कंपनीनं उत्पादन हाती घेतलं. मग नियम आला. कामगार त्याला 'हिरवा नियम' म्हणायचे. नाक हिरवं असेल तर उतरायला नकार देता येणार नाही, आणि नाक असेल तिथे दोरीवाल्याची गरज नाही. या दुसऱ्या कलमाखाली तज्ज्ञ म्हणून सही माझी आहे. मला अभिमान वाटला होता, उगाच कशाला खोटं बोलू.

शिदूअण्णांना प्लँटच्या बागेत पाणी घालायला लावलं. मी गावी गेले की फाटकाशी भेटायचे. "पद्माताई, तुझ्या नाकानं माझी दोरी कापली बघ," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. रागवायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "तुझं नाक वास घेतंय, त्ये खरं. पर त्ये हाक मारतंय व्हय?"

मी म्हटलं, "अण्णा, ते लाल झालं की भोंगा वाजतो. हाकेची गरजच नाही."

"असंल बाई," ते म्हणाले आणि झारी उचलून जास्वंदीकडे वळले.

भोंग्याचीच पुढे कटकट झाली. पावसाळी दमट हवेत नाकाचं मोजमाप हळूहळू सरकायचं आणि वायू नसताना भोंगा वाजायचा. दिवसातून दहा-दहा वेळा काम बंद. कंपनीचे दाबके साहेब मला रोज फोन करू लागले. शेवटी एका दुपारी मी नाकाच्या प्रणालीत अकरा ओळी वाढवल्या. मोजमाप बराच वेळ स्थिर राहिलं तर ती हवा शुद्ध समजायची आणि नाकानं आपलं शून्य, म्हणजे मोजायची सुरुवात, आपणच लावून घ्यायचं. खोटे भोंगे थांबले. रोज सकाळी चाचणीच्या वायूची फुंकर मारून नाक जागं आहे की नाही ते बघायची पद्धत होती. नाक आता स्वतःला सांभाळतं म्हटल्यावर कंपनीनं तीही बंद केली. मला पत्र आलं होतं. मी ते वाचून बाजूला ठेवलं.

२०३५च्या खंडेनवमीला दादानं प्लँटवरून व्हिडिओ कॉल केला. आमच्याकडे त्या दिवशी कुणी हत्याराला कामाला लावत नाही. खोरी, पाने, पंप, वजनकाटा, सगळं धुऊन-पुसून हळदी-कुंकू, झेंडूचे हार. मधोमध पाटावर लाल कापड आणि त्यावर प्लँटवरची अडतीसच्या अडतीस नाकं मांडलेली. दादा नवा सदरा घालून पाटापाशी बसला होता, यजमानासारखा.

"बघ, पद्मे. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई. माझ्या भनीची हत्यारं, पूजा मीच करणार!"

नाकं आरशासारखी चमकत होती. इतकी की कॅमेऱ्यात झेंडूचं प्रतिबिंब दिसत होतं.

"किती चकचकीत केलीस रे!" मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. कशानं केलीस, असं विचारलं नाही. वर्गात विद्यार्थी वाट बघत होते आणि मला गॅस सेन्सर हाच धडा शिकवायचा होता.

दसऱ्यानंतर आठव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, दादा हौदात उतरला. त्याचं शेवटचं बोलणं नियंत्रण कक्षातल्या यंत्रात राहिलं आहे. चौकशीच्या वेळी मला ते ऐकवलं. दादा खालून वॉकीटॉकीवर म्हणतोय, "वास लई हाय." वरून विचारलं, नाक काय म्हणतंय? "नाक हिरवं हाय." मग खोऱ्याचा आवाज. मग तो म्हणतो, "गेला वास. ताईचं नाक बरोबर हाय बघ."

त्यानंतर काही नाही.

त्याला वास येत होता हो. माझ्या भावाच्या स्वतःच्या नाकाला वास येत होता, आणि त्यानं त्याच्यावर विश्वास न ठेवता माझ्यावर ठेवला.

बागेतून शिदूअण्णांनी दोनदा हाक मारली. ओ आली नाही. ते दोरीसाठी धावले. दोरी स्टोअरमध्ये जमा होती आणि स्टोअरला कुलूप होतं. दोरीशिवाय उतरलेला माणूस वर येत नाही, हे त्या प्लँटवर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि ते उतरले. दोघांना एकदमच वर काढलं. अण्णांचे हात दादाच्या काखेत होते.

दादाचं नाक तपासणीसाठी माझ्याकडे आलं. ते दुसऱ्या कुणाला द्यायला हवं होतं, पण ते बनवलेलं मीच म्हटल्यावर दुसरं कोण तपासणार, असं चौकशी समितीला वाटलं. मी ते काचेच्या पेटीत ठेवलं आणि पेटीत वायू सोडला. हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग, मग पन्नास, तीनशे. एवढ्यात माणूस उभा राहत नाही. ठिपका हिरवाच. पाचशे केले. हिरवा. मी पेटीसमोर स्टुलावर बसून राहिले आणि बाहेर विद्यार्थ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडले. मग डोळे पुसून चकती उघडली आणि सूक्ष्मदर्शकाखाली घातली. माझे तंतू होते तसेच होते, फक्त प्रत्येकावर काचेचा पातळ थर चढला होता. सिलिकॉन. पण गॅस प्लँटवर हौदाच्या तळाशी सिलिकॉन येईल कुठून?

ते तेराव्याला कळलं. माणसं जेवून गेली होती. कौसल्यावैनी माजघरात भिंतीला टेकून बसली होती. मला वेणी घालायला शिकवलं ती हिनं. तरी मी नणंद म्हणून आजही 'वन्सं' आणि 'तुमी'.

"वन्सं, तुमच्या नाकाची लई हौस हुती त्यास्नी," ती म्हणाली. "खंडेनवमीला जीपवाल्यांचं त्ये भारीतलं पॉलिश आणलं. दोन डबं. म्हटलं, वल्या फडक्यानं पुसा की. तर म्हणं, पद्मीचं काम हाय, साध्या फडक्यानं पुसू व्हय? एक डबा सगळा संपवला. दुसरा माळ्यावर हाय, पुढच्या वर्साला."

मी माळ्यावर चढले. डबा हातात घेतला. गाडीच्या डॅशबोर्डला चकाकी आणणारा फवारा. बारीक अक्षरात लिहिलं होतं: सिलिकॉन तेल.

त्या तेलाची वाफ तापलेल्या ऑक्साइडवर जळते आणि तिची काच होते. काचेखाली प्रत्येक कण पुरला जातो. वायू आला तरी तो आता तांब्यापर्यंत पोचत नाही. मोजमाप हलत नाही, अगदी स्थिर राहतं, आणि मोजमाप स्थिर असेल तर हवा शुद्ध समज, असं माझ्या अकरा ओळींनी नाकाला शिकवलेलं. मेलेलं नाक रोज सकाळी स्वतःला निरोगी ठरवत होतं. सिलिकॉनचा हा दोष मी शोधून काढलेला नाही. तो जुना आहे, प्रत्येक पुस्तकात आहे, खंडेनवमीला दादाचा फोन ठेवून वर्गात मी तोच शिकवला. माझ्या माहितीपुस्तिकेतही आहे, एकतिसाव्या पानावर, इंग्रजीत. दादा इंग्रजी वाचत नव्हता हे मला ठाऊक नव्हतं, असं मी कुणाला सांगू?

"काय झालं, वन्सं?" वैनी खालून विचारत होती.

दुसऱ्या दिवशी दाबके साहेब भेटायला आले. मी अजून कुणाला काही बोलले नव्हते, पण माणूस हुशार. "मॅडम, 'कारण अनिश्चित' एवढंच लिहा. प्लँटवरची सगळी नाकं आम्ही बदलून देतो. काही सापडलं असेल तर त्यात तुमच्या भावाचं नाव निघेल. शिदूअण्णांच्या घरच्यांना काय वाटेल?"

खोटं नव्हतं ते. समोरच्या घरात बाळाक्का, अण्णांची बायको, रोज आमच्या ओट्यावर येऊन वैनीजवळ बसत होती. दोघी एकमेकींना जेवायला लावत होत्या. 'अनिश्चित' लिहिलं असतं तर त्या तशाच बसत राहिल्या असत्या. आणि पुढच्या खंडेनवमीला राज्यातल्या प्रत्येक प्लँटवर कुणीतरी धनाजी प्रेमानं नाकं पुसायला बसला असता.

मी वैनीला आधी सांगितलं. सगळं, तंतूंपासून काचेपर्यंत. मग तिनं विचारलं, "म्हंजी त्यांनी मारलं अण्णास्नी?"

"नाही, वैनी. मी. नाक मेलं होतं तर त्यानं तसं सांगायला हवं होतं. ते गप्प बसायला मी शिकवलं. दोरी मी काढली."

"मग तसं लिवा. त्यांचं नाव येऊ देऊ नगा, वन्सं. त्यांनी पूजा केली हुती."

"नाही येऊ देणार," मी म्हटलं. शब्द दिला.

अहवालात मी चार कारणं लिहिली. काचेचा थर, माझ्या अकरा ओळी, बंद केलेली सकाळची चाचणी, काढून घेतलेली दोरी. शेवटी स्वतःची सही. समितीत पाच जण होते. त्यांनी अकरा ओळींबद्दल काही विचारलं नाही. दोरीबद्दल नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून एकच प्रश्न केला, "हा थर आला कुठून?"

"पॉलिशमधून."

"ते कुणी लावलं?"

मी म्हटलं, कुणीही लावलं असतं. पुस्तिका त्यांच्या भाषेत नव्हती. त्यांनी प्रश्न पुन्हा वाचून दाखवला आणि मी शपथेवर आहे याची आठवण दिली. मी नाव घेतलं. माझ्या तोंडानं, त्याच्या आडनावासकट, जे लग्न न केल्यामुळे माझंही आहे.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'पूजेनं घेतले दोन बळी'. निकालात 'कामगाराने केलेली छेडछाड' असे शब्द होते. आदेश असा, की यापुढे संवेदकांना हार, कुंकू, पॉलिश लावण्यास मनाई. खंडेनवमीला ते कपाटात कुलूपबंद ठेवावेत. हिरव्या नियमात बदलाची आवश्यकता दिसत नाही. अकरा ओळी 'पुढील अभ्यासासाठी'. त्या अजून तिथेच अभ्यासल्या जात आहेत.

बाळाक्का आमच्या ओट्यावर यायची बंद झाली. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. ती फक्त पाण्याला आमच्या दारावरून न जाता मागच्या बोळातून जायला लागली. वैनीनं एकदा भाकरी-पिठलं झाकून नेलं; ताट तसंच परत आलं.

मला तेवढं तरी समाधान हवं होतं, की नाव गेलं पण पुढची माणसं वाचली. मार्चमध्ये दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका प्लँटवर खिडक्यांच्या फटी बुजवायला सिलिकॉनची पेस्ट लावली. तिचीही वाफ तीच, काच तीच. तीन माणसं गेली. नाकं हिरवी होती. तिथे कुणी पूजा केली नव्हती, त्यामुळे समितीला काय लिहावं ते सुचेना. शेवटी त्यांनी 'कारण अनिश्चित' लिहिलं. मी पत्रं पाठवली, सोळा. विद्यापीठानं मला कळवलं की मी शोकामुळे अस्वस्थ आहे आणि थोडी विश्रांती घ्यावी.

यंदाच्या खंडेनवमीला मी गावी गेले. सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. समोरचं दार लावलेलं. प्लँटच्या बाजूनं कसला आवाज नाही. नाकं कपाटात होती आणि बाकीच्या हत्यारांची पूजाही कुणी केली नाही म्हणे, उगाच झेंगट नको.

वैनीनं माजघरात पाट मांडला होता. त्यावर विळा, शिवणयंत्राची कात्री, दादाचं खोरं. आणि मधोमध त्याचं नाक. चौकशी संपल्यावर पुन्हा जोडून, एका पाकिटात घालून ते घरी पाठवलं होतं. उजेडावर चार्ज होतं ते, दहा वर्षं चालावं असं मीच केलंय. हिरवा ठिपका लागलेला होता.

"ह्ये मालवत न्हाई का कवा?" तिनं विचारलं.

"नाही मालवत, वैनी."

तिनं खोऱ्याला कुंकू लावलं, विळ्याला लावलं. नाकापाशी तिचा हात थांबला. मग ती उठली, माळ्याखाली स्टूल ओढलं आणि वरून तो दुसरा डबा काढून आणला. तो तिनं समितीला दिलाच नव्हता. डबा दोन्ही हातांत धरून ती माझ्यासमोर बसली. वर्षभरात ती माझ्याशी एकदाही चढ्या आवाजात बोलली नव्हती, आणि आताही बोलली नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "आता पुसलं तर चालंल न्हवं?"

मला उत्तर येत होतं. या विषयातलं मला सगळंच येतं.

"चालेल," मी म्हटलं.

तिनं फवारा मारला आणि पदराच्या टोकानं गोल गोल पुसत राहिली. नाक अगदी आरशासारखं चकचकीत झालं. पुसून झाल्यावर तिनं ते पाटावर ठेवलं, हळदी-कुंकू वाहिलं आणि हात जोडले. ठिपका हिरवाच होता.